मंडळासाठी जुनी पेटी घ्यायची आहे, भाव कसा करू?

ताई, आम्ही जांबोटीकडच्या एका खेड्यातले. आमच्या भजनी मंडळाची पेटी वाळवीनं खाल्ली. गावातून वर्गणी काढून १८,००० रुपये जमले आणि पेटी आणायचं काम माझ्यावर आलं, कारण रोज बेळगावला कामाला जाणारा मी. नवीन पेटी दुकानात २२,००० ची सांगितली. मग जुन्या सामानाच्या दुकानात एक पेटी बघितली. दुकानदार म्हणतो, कलकत्त्याची आहे, जर्मन सूर आहेत, १६,५०० च्या खाली एक रुपया नाही. पेटी दिसायला झकास, पॉलिश नवीन. पण दोन पट्ट्या दाबल्या की वर यायला वेळ लावतात, भात्यातून कुठून तरी फुस्स आवाज येतो आणि मागच्या फळीवर रंगवलेलं कुणाचं तरी नाव खरडून काढलंय. तेवढ्याच पैशात स्केल चेंजरची दुसरी एक पेटीही आहे. मी टाळकरी, मला पेटी वाजवता येत नाही. घासाघीस करायला जीभ रेटत नाही, कानडीही मोडकंतोडकं. पैसे गावाचे आहेत. चुकलो तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. काय करू?

एक टाळकरी, खानापूर तालुका

टाळकरीबुवा,

१६,५०० ला ती पेटी घेऊ नका. पण तिचा नादही लगेच सोडू नका. तुम्ही लिहिलेल्या खोडींपैकी बहुतेक दुरुस्त होणाऱ्या आहेत. प्रश्न एवढाच, की त्या दुरुस्तीचे पैसे कुणाच्या खिशातून जायचे. आज दुकानदार सांगतो त्या भावात ते तुमच्या गावाच्या खिशातून जातात.

जीभ रेटत नाही म्हणून घाबरू नका. जुन्या वाद्याचा भाव गोड बोलून फारसा उतरत नाही आणि भांडून तर मुळीच नाही. पेटीची वरची फळी काढली, आत काय आहे ते दोघांनी मिळून बघितलं, की तो आपोआप उतरायला लागतो. बोलायचं काम थोडं आहे, बघायचं आणि ऐकायचं जास्त.

हे मी ठेच खाऊन शिकले. शाळेत संगीत शिकवायला लागले त्या पहिल्याच वर्षी मी एका मोठ्या शहरात जुन्या सामानाच्या दुकानातून पेटी घेतली होती. दुकानदाराच्या मुलानं बसून मधल्या सप्तकात एक अभंग असा काही वाजवला, की मी तिथंच पैसे मोजले. दीड महिन्याचा पगार होता तो. घरी आणून खालच्या पट्ट्या दाबल्या तर खर्जातले सहा सूर मुके. फळी उघडली. आत सुरांच्या, म्हणजे वाजणाऱ्या पितळी पात्यांच्या, फळीवर उंदरानं कॅलेंडरचा कागद कुरतडून घरटं केलेलं आणि आतल्या भात्याच्या घडीला अंगठा जाईल एवढं भोक. त्या मुलाला ते माहीत होतं. म्हणून तर त्याचा हात मधल्या सप्तकाच्या बाहेर गेला नव्हता. विकणाऱ्याला वाजवायला सांगू नये, हे मी त्या दिवसापासून प्रत्येकाला सांगत आले आहे. तुमच्या मंडळात पेटी वाजवणारे जे कुणी बुवा आहेत त्यांना एक दिवस काम बाजूला ठेवून बरोबर न्या. त्यांचेच हात तिच्यावर पडायचे आहेत, तर निवडही त्यांनीच करायची. ते दुकानात आले की तुम्ही पैसे सांभाळा, ते पेटी सांभाळतील. आणखी कुणाला नेऊ नका. पाच जण गेले तर एक जण हमखास म्हणतो, ‘वा, काय आवाज आहे!’ आणि दुकानदाराला तेवढं पुरतं.

आता बघायचं काय ते सांगते. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा. रस्त्याच्या गोंगाटात भात्याची गळती ऐकू येत नाही.

आधी सगळ्या पुढच्या खुंट्या बंद करा, एकही पट्टी दाबू नका आणि भाता मारत राहा. पेटी घट्ट असेल तर चार-पाच झटक्यांत आत हवा भरते, भाता जड होतो, पुढे ढकलला जात नाही. तो तसाच सैल चालत राहिला तर हवा पळते आहे. पळते कुठून ते शोधायला सोपी युक्ती आहे. दुकानात देवापुढे उदबत्ती असतेच. ती मागून घ्या, निखारा कापडापासून लांब धरा आणि धूर भात्याच्या कडांवरून, कोपऱ्यांवरून, फळ्यांच्या सांध्यांवरून फिरवा. जिथं धूर अचानक वाकडा होऊन पळतो तिथं भेग आहे. तुमचं ‘फुस्स’ बाहेरच्या भात्याच्या घडीतून येत असेल तर काम हलकं आहे, कातडं किंवा कापड चिकटवून भागतं. बाहेर कुठंच धूर हलत नाही आणि तरी हवा टिकत नाही, असं झालं तर आतला भाता किंवा सुरांची फळी खराब आहे. ते काम मोठं. पेटी अर्धी सोडवावी लागते.

मग एक खुंटी उघडा, भाता भरून घ्या, मधला एक सूर दाबून धरा, भाता मारायचा थांबवा आणि मनात सावकाश आकडे मोजा. माझं माप असं : वीसच्या पुढे गेलात तर पेटीला दम आहे, आठ-दहावरच सूर विझला तर नाही.

त्यानंतर एकेक पट्टी. खालून वरपर्यंत सगळ्या, एकही सोडायची नाही. साडेतीन सप्तकांच्या पेटीला ४२ पट्ट्या असतात आणि पेटी दोन सुरांची, म्हणजे दर पट्टीला दोन पाती असलेली, असेल तर ८४ सूर. नुसत्या ४२ पट्ट्या दाबून ८४ सूर तपासले जात नाहीत. एक मुका असला तरी दुसरा बोलतो आणि आपल्याला वाटतं पट्टी ठीक आहे. म्हणून आधी खुंटीनं सुरांची एक ओळ उघडून सगळ्या पट्ट्या, मग ती बंद करून दुसरी उघडून पुन्हा सगळ्या. बुवा कंटाळतील, दुकानदार चुळबुळ करेल, तरी करा. कुठला सूर उशिरा बोलतो, कुठला खरखरतो, कुठला पट्टी न दाबताच रडत राहतो, हे वहीत लिहून घ्या. तुमच्या मंडळात जास्त गाणं कुठल्या पट्टीत होतं, काळी एक की काळी दोन, ते बुवांना माहीत असेल. त्या भागात दोनदा फिरा.

सुरेलपणा बघायला एक पट्टी आणि तिच्या वरच्या सप्तकातली तीच पट्टी एकदम दाबा. दोन्ही मिळून एक झाले तर उत्तम. लाटेसारखी थरथर ऐकू आली तर दोघांत अंतर आहे. मोबाइलवर सूर मोजायचं ॲप असेल तर मधल्या सप्तकातली पांढरी सहा वाजवून बघा, ४४० च्या आसपास आकडा यायला हवा. सगळी पेटीच सारखी थोडी चढी किंवा उतरी असेल तर भजनाला काही बिघडत नाही, पखवाज तिच्याशी जुळवून घेता येतो. पण चार सूर चढे, सहा उतरे असं असेल तर सूर लावून घ्यावे लागतील. आणि इथं वरची फळी काढायला सांगायचीच. पितळी पात्याचं टोक घासलं की सूर चढतो, बुंध्याशी घासलं की उतरतो. वर्षानुवर्षं घासून घासून पातं कागदासारखं होतं आणि एक दिवस भजनाच्या मध्ये तुटतं. पात्यांवर कानशीचे पुष्कळ ओरखडे दिसले तर त्या पेटीचं बरंचसं आयुष्य खर्ची पडलेलं आहे.

दुकानदार फळी काढू देत नसेल तर नमस्कार करून बाहेर पडा. बोलायचंही कारण नाही.

दोन पट्ट्या अडकतात ही गोष्ट मला फारशी मोठी वाटत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या एकमेकींना घासतात. बाजूने जरा तासलं किंवा खालची स्प्रिंग बदलली की झालं. मला जास्त खटकलं ते नवीन पॉलिश. जुन्या पेटीला चकचकीत पॉलिश कशाला? कदाचित दुकानदार हौशी असेल. पण कदाचित खाली वाळवीची भोकं भुसा आणि फेव्हिकॉल घालून बुजवलेली असतील. तुमची एक पेटी वाळवीनंच गेली आहे, दुसरी घरात आणू नका. पेटी उलटी करायला लावा. तळाला पॉलिश करायचे कष्ट सहसा कुणी घेत नाही, लाकूड तिथं खरं बोलतं. नखानं दाबून बघा, टकटक करून बघा, पोकळ वाजलं तर समजा. आणि आत नाक घालून वास घ्या. ओलसर बुरशीचा वास आणि उंदराच्या लेंड्या, दोन्ही कळतात.

‘कलकत्त्याची’ आणि ‘जर्मन’ हे शब्द जुन्या पेटीच्या दुकानात सर्रास ऐकू येतात. हाताने भाता मारायची, मांडी घालून वाजवायची पेटी १८७५ च्या सुमारास कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी घडवली, त्यामुळे त्या गावाच्या नावाला वजन आहे. जर्मन सुरांनाही आहे. पण आपल्याकडच्या कितीतरी पेट्यांत गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर असतात, आणि ते चांगले वाजतात. तुमच्या पेटीत सुरांवर जर्मन शिक्का दिसला तर बघू, नाही तर त्या शब्दाचा एक रुपयाही देऊ नका. कानाला गोड लागतो तो सूर चांगला, मग तो कुठलाही असो.

स्केल चेंजरची पेटी तुम्हाला नको. गवयाला साथ करणाऱ्याला ती सोयीची, पट्ट्यांची फळी सरकवली की बोटं तीच आणि सूर बदलतो. पण त्यात हलणारे भाग जास्त, वजन जास्त. तुमच्याकडे कणकुंबीच्या अंगानं पाऊस कसा कोसळतो ते मी तुम्हाला काय सांगू! त्या ओलीत सरकणारी फळी अडकून बसते आणि सोडवायला खेड्यात माणूस मिळत नाही. शिवाय तुमची पेटी घरोघर, देवळातून देवळात डोक्यावर जाणार. साधी, दोन सुरांची, घट्ट भात्याची पेटी तुमच्या कामाची.

आता खरडलेलं नाव. गावच्या पेटीवर मंडळाचं किंवा ‘यांच्या स्मरणार्थ’ म्हणून देणाऱ्याचं नाव असतं, ते पुसावं असं सहसा कुणाला वाटत नाही. भाव करायच्या आधी हे विचारा, आरोप न करता, सरळ : ‘मामा, हे नाव कुणाचं होतं? पेटी आली कुठून?’ एखाद्या मंडळानं नवीन घेताना ही बदल्यात दिली असेल तर तो लगेच गावाचं नाव सांगेल. तसं घडतं, त्यात वावगं काही नाही. उत्तर द्यायला तो अडखळला, किंवा दोनदा विचारल्यावर दोन गावं सांगितली, तर ५,००० ला मिळाली तरी घेऊ नका. दुसऱ्या देवळातून गेलेली पेटी तुमच्या देवळात वाजता कामा नये. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा गुन्हाही आहे, आणि जाब द्यायला दुकानदाराबरोबर तुम्हालाही उभं राहावं लागेल.

नावाचं उत्तर पटलं, पेटी तपासून झाली, की दुकानातून बाहेर या. भाव त्या दिवशी करायचाच नाही. वहीतली यादी घेऊन पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे जा आणि कशाला किती लागतील ते विचारा. पं. रामभाऊ विजापुरे यांच्या बोटांतून बेळगावनं पेटी ऐकली आहे. पेटीचा कान असलेली माणसं या गावात अजून पुष्कळ आहेत. शहापूर, टिळकवाडीकडे कुठल्याही गाण्याच्या मास्तरांना विचारा, ते चांगल्या कारागिराकडे पाठवतील. मिरजेलाही जाता येईल, खानापूरलाच गाडीत बसलात की घटप्रभा, रायबाग, कुडची करत थेट मिरज. ते गाव तंबोरे-सतारींचं, पण वाद्यांच्या कारागिरांचं गाव असल्यामुळे खरं सांगणारा माणूस तिथं भेटतो.

समजा कारागीर म्हणाला, भाता आणि सूर मिळून ४,५०० होतील. तुमच्याकडे १८,०००. त्यातून हे ४,५०० गेले, कापडी खोळ आणि जाण्या-येण्याचे ५०० गेले, राहिले १३,०००. ही तुमची शेवटची रेघ. दुकानदाराच्या भावाला घेतलीत तर १६,५०० अधिक ४,५०० म्हणजे २१,००० ला पडते, आणि नवीन कोरी २२,००० ला आहे. हजार रुपयांसाठी जुनं कोण घेईल? हेच गणित दुकानदारासमोर शांतपणे मांडायचं. मनात १३,००० ठेवा, तोंडातून ११,००० काढा. मंडळाकडे किती जमलेत ते मात्र मरेस्तोवर सांगू नका. तुम्ही भोळेपणानं ‘अठरा आहेत’ म्हणालात की भाव तिथंच चिकटला.

कानडीची काळजी करू नका. बेळगावच्या बाजारात एका वाक्यात दोन्ही भाषा येतात, कुणी हसत नाही. सुरुवात कानडीत करा, माणूस मऊ होतो.

‘अण्णा, स्वल्प कडिमी माड्री.’ (जरा कमी करा.)

‘आता काय कडिमी करायचं ओ, सोळाला तर मलाच पडलीय.’

‘पडली असेल की. पण भाता गळतोय, तुमच्यासमोरच बघितलं. सूर लावायचे आहेत. कारागीर साडेचार हजार म्हणतोय. तुम्ही करून देता काय? मग तुमचा भाव बघू.’

हे शेवटचं वाक्य फार कामाचं आहे. तो दुरुस्त करून द्यायला तयार झाला तर चांगलंच, पैसे दुरुस्ती झाल्यावर, बुवांनी पुन्हा वाजवून बघितल्यावर द्यायचे. तयार नसेल तर त्यालाच कळतं की हे काम पैशाचं आहे. त्यानंतर गप्प बसा. खरंच गप्प. आपल्याला ती शांतता सोसत नाही आणि आपण स्वतःच ‘बरं, बारा घ्या’ म्हणून मोकळे होतो. त्याला बोलू द्या. ‘हदिमूरु साविरा’ म्हणाला की तेरा हजार, तिथं हात मिळवा. चौदावर अडला तर ‘विचार करून येतो’ म्हणा आणि खरोखर या. फोन नंबर तेवढा देऊन ठेवा.

एक विनंती मात्र आहे. त्याच्या मालाला नावं ठेवू नका. ‘भंगार आहे’, ‘कोण घेतंय हे’ असलं काही नको. त्यालाही भाडं आहे, ती पेटी त्याच्याकडे महिनोन् महिने जागा अडवून बसली असेल. खोडी आहेत तेवढ्याच सांगा, नसलेल्या जोडू नका. चार रुपये त्याला मिळाले तर मिळू देत.

आणि तुमच्याकडे एक हुकमाचा पत्ता आहे जो तुम्ही विसरलात. वाळवी लाकूड खाते, पितळ खात नाही. मंडळाची जुनी पेटी सरपणात टाकली नसेल तर तिच्यातले सूर काढून घ्या. ते ओळीनं, कुठला कुठल्या पट्टीचा ते खूण करून, कागदात गुंडाळा. नव्या पेटीत एखादा मुका असेल तर कारागीर त्यातला बसवू शकतो, किंवा दुकानदार सगळे मिळून बदल्यात घेईल. तुमच्या आजोबांच्या पिढीनं ऐकलेला एखादा सूर नव्या पेटीत बोलला तर मला तरी फार बरं वाटेल.

बिल मंडळाच्या नावानं घ्या. जुनी पेटी, तिचं वर्णन, रक्कम, तारीख, दुकानदाराची सही. ‘आठ दिवसांत मोठा दोष निघाला तर परत’ हे तोंडी कबूल केलं तर बिलावरच लिहून मागा. पैसे फोनवरून दिलेत तरी बिल हवंच. आणि जाण्याआधी मंडळाच्या बैठकीत १३,००० ची रेघ सगळ्यांना सांगून वहीत लिहून ठेवा. मग ती मिळो न मिळो, बोट तुमच्याकडे उठणार नाही.

पेटी आली की भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवू नका, पाटावर ठेवा, आत डांबराच्या गोळ्या घाला, आणि भजन गुरुवारी असलं तरी पावसाळ्यात रोज कुणीतरी दहा मिनिटं भाता मारा. हवा खेळली की बुरशी धरत नाही. समईचं तेल जवळ नको.

आणि आणताना : भात्याची कडी लावून घ्या, खोळ घाला, वर एक प्लॅस्टिक. जांबोटीच्या रस्त्यावर बस कशी उसळते ते तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा मागच्या सीटवर बसू नका. ड्रायव्हरच्या मागे जागा धरा, पेटी आडवी मांडीवर घ्या, आणि दुसरं टोक बुवांना धरायला सांगा.

तुमची,
ताई